छतावरचं ऊन : घरच्या सौर प्रकल्पाच्या नोंदी

५ ऑक्टोबर
पॅनेल किती लावायची हे विचारायच्या आधी घर वीज किती खातं आणि केव्हा खातं, हे बघायचं ठरवलं. गेले २१ दिवस बाबा सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला मीटरचा आकडा वहीत लिहितायत. आज बेरीज केली. दिवसाला सरासरी १२.८ युनिट, त्यातले दिवसा फक्त ५.१. बाकीची सगळी वीज सूर्य मावळल्यावर लागते.

बिलावरून हे कधीच कळलं नसतं, बिल महिन्याचं एकत्र येतं. दिवसाउजेडी आपण इतकं कमी वापरतो, म्हणजे बनलेल्या विजेतली बरीचशी बाहेर जाणार. मग एक तर बॅटरी घ्यायची, नाही तर जास्तीची वीज कंपनीच्या जाळ्यात (ग्रिडमध्ये) सोडून रात्री परत घ्यायची. आमच्याकडे वीज फारशी जात नाही, त्यामुळे बॅटरी आत्ता नाही. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करून ती थेट जाळ्याला जोडणारं यंत्र) आणि दोन्ही दिशांनी मोजणारं मीटर, असं ठरलं. पाण्याचा पंप आणि कपड्यांचं मशीन दुपारी लावायला आई आजपासूनच तयार आहे.

१४ ऑक्टोबर
पाहणीला माणूस आला. टेप लावला, जिन्याच्या खोलीला लागून चौकोन आखला, आठ पॅनेल बसतील म्हणाला. दुपारचे बारा वाजले होते, चौकोनात लख्ख ऊन होतं. मी विचारलं, "दादा, डिसेंबरात तीन वाजता इथे काय असेल?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. सगळी पाहणी आजच्या उन्हावर चालली होती.

जिन्याची खोली गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, वर टाकी. दोन्ही मिळून गच्चीपासून ४ मीटर उंच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो, म्हणजे दुपारनंतर हिची सावली ईशान्येला, नेमकी त्या चौकोनावर पडणार.

संध्याकाळी सूर्यमार्गाचा तक्ता काढून बसले. २२ डिसेंबरला दुपारी तीनला १ मीटर उंच काठीची सावली १.८५ मीटर पडेल असं निघालं. त्या हिशेबाने टाकीची सावली साधारण ७.४ मीटर. पॅनेल जमिनीपासून थोडी वर असतात, म्हणून त्यांच्या पातळीवर ती जरा आखूड होईल. बाबांनी दोरी धरली, मी खडूने रेष मारली आणि नंतर तिच्यावरून ऑइलपेंट फिरवला, पुसली जाऊ नये म्हणून. त्या माणसाचा अर्ध्याहून जास्त चौकोन रेषेच्या आत आला.

मांडणी पूर्वेला सरकवायची. वायर थोडी जास्त लागेल, लागू दे. सावलीतलं पॅनेल पुढची पंचवीस वर्षं सावलीतच राहणार.

२ नोव्हेंबर
कागदावरचं काम. पॅनेल ५४० वॉटची, ८ नग, एकूण ४.३२ किलोवॉट. इन्व्हर्टर ४ किलोवॉट. पॅनेलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो : प्रति चौरस मीटर १,००० वॉट प्रकाश आणि सेल, म्हणजे पॅनेलमधले वीज बनवणारे तुकडे, २५ अंश सेल्सिअसवर. उन्हात तापलेल्या गच्चीवर हे दोन्ही एकाच वेळी जमून येणं दुर्मीळ. म्हणून इन्व्हर्टर पॅनेलपेक्षा थोडा लहान घेतला तरी चालतो.

आठही पॅनेल एका माळेत जोडता आली असती. मी चार-चारच्या दोन माळा, म्हणजे स्ट्रिंग, मागितल्या, पूर्वेची आणि पश्चिमेची, इन्व्हर्टरच्या दोन वेगळ्या एमपीपीटीवर (स्ट्रिंगमधून त्या क्षणी जास्तीत जास्त वीज काढणारी सर्किटं). एक कारण सावली : संध्याकाळी ती आधी पश्चिमेच्या चारांवर येईल, पूर्वेच्या चारांचं काम स्वतंत्र चालू राहील. दुसरं कारण माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. दोन सारख्या स्ट्रिंग असल्या की एक दुसरीची मोजपट्टी होते. आज कमी वीज ढगामुळे आली की बिघाडामुळे, हे एकट्या स्ट्रिंगवरून सांगता येत नाही.

उघड्या सर्किटला, म्हणजे पुढे काहीच जोडलेलं नसताना, प्रत्येक पॅनेलचं व्होल्टेज ४९.५, चारांचं १९८. थंडीत व्होल्टेज वाढतं, दर अंशाला ०.२७ टक्के. ५ अंशांच्या पहाटेचं धरलं तरी २०९ च्या आत. इन्व्हर्टर ८० ते ५०० व्होल्ट घेतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना जागा आहे.

इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत, सावलीला. तिथून खालच्या मुख्य बोर्डापर्यंत एसी वायर ३५ मीटर. कागदावर ६ चौरस मिलिमीटर तांबं लिहिलं.

१९ नोव्हेंबर
माल आला. एकेक पॅनेल २८ किलोच्या आसपास, दोन माणसांनी उभं धरून वर नेलं. काच खाली ठेवून आडवी रचायची नाही, पॅनेलवर पाय द्यायचा नाही, केबल धरून उचलायचं नाही. आतल्या सेलला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, काही वर्षांनी तिथे तापतं. मी प्रत्येक नगाचा अनुक्रमांक वहीत उतरवून घेतला, तोच वॉरंटीचा पुरावा.

बाबांनी एका पॅनेलची लांबी-रुंदी मोजली : २.२८ गुणिले १.१३ मीटर. म्हणजे २.५८ चौरस मीटरमधून ५४० वॉट, जवळपास २१ टक्के. १९५४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल दाखवला, तेव्हा तो सुमारे ६ टक्के उन्हाची वीज करत होता. बाबांचा जन्म त्याच्या आसपासचा. ते बराच वेळ पॅनेलच्या काचेवर हात ठेवून उभे होते.

२१ ते २३ नोव्हेंबर
सांगाडा. गच्चीच्या स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, हा माझा हट्ट होता. वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की गळती कुठून येते ते शोधण्यात वर्षं जातात. त्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे ओतले आणि त्यात पाय बसवले. ठोकळ्यांचं वजन पॅनेलच्या भारावरून काढत नाहीत, वाऱ्यावरून काढतात. तिरकं पॅनेल वाऱ्यात पंखासारखं वर उचललं जातं, वजन त्या उचलीला पुरून उरायला हवं. ठोकळ्याखाली रबरी पट्टी टाकली, पाणी वाहून जायला फट ठेवली.

पाइप हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले. दोन ठिकाणी लांबी जुळवायला कापले, तिथे उघडा पडलेला लोखंडाचा भाग झिंकच्या रंगाने झाकून घेतला. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. पॅनेलचे क्लँप हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळले. कमी आवळलं तर पॅनेल वाऱ्यात हलतं, जास्त आवळलं तर काच ताणाखाली राहते.

कनेक्टरवर थोडा वाद झाला. पॅनेलला आलेले एमसी४ (डीसी वायरी जोडायचे कनेक्टर) एका कंपनीचे, फिटरच्या पिशवीतले दुसऱ्या. एकमेकांत बसतात, टिक्‌ असा आवाजही येतो. पण मापांत केसभर फरक असला तरी आतला स्पर्श कच्चा राहतो, तो तापतो, आणि डीसीचा ठिणगीचा धोका एसीपेक्षा मोठा. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे आर्क (सलग जळणारी ठिणगी) विझायला वाव असतो. डीसीला शून्य नाहीच, आर्क जळत राहतो. फिटरदादांनी ऐकलं, दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीचे कनेक्टर आणले आणि वायरवर नीट दाबून घट्ट (क्रिंप) केले. त्यांचे मनापासून आभार मानले. घराच्या डोक्यावर ही जोडणी असणार आहे.

२४ नोव्हेंबर
चाचणी. प्रत्येक स्ट्रिंगची आधी पोलॅरिटी (प्लस-मायनस), मग व्होल्टेज : पूर्व १८७, पश्चिम १८८. कागदावरच्या १९८ पेक्षा कमी, कारण सेल तापलेले आहेत. ४५ अंशांना साधारण एवढंच यायला हवं. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून डीसी केबल आणि अर्थिंग यांच्यातलं इन्सुलेशन तपासलं. किमान १ मेगओहम लागतो, आमचा ४० च्या वर. सांगाडा आणि पॅनेलच्या फ्रेम अर्थला जोडल्यात का, ते एकेक फ्रेम धरून पाहिलं. नुसत्या क्लँपवर विसंबून चालत नाही, फ्रेमवरचा ॲनोडाइज्ड थर वीज वाहू देत नाही. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन (अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून संरक्षण), दोन्हीकडे आयसोलेटर (जोडणी तोडायचा स्विच).

एसी वायर पाइपात ओढून झाली होती, दोन्ही टोकं बोर्डात गेली होती. ती मी उघडून पाहिली नाही.

९ डिसेंबर
वीज कंपनीची तपासणी झाली, नवं मीटर बसलं. दुपारी १२.२० ला आयसोलेटर चालू केला. इन्व्हर्टरने मिनिटभर जाळ्याचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहिली, मग हळूहळू चढत ३.४ किलोवॉटवर गेला. आईने खालून हाक मारली, "मीटरवर बाण उलटा झालाय!" सगळे खाली धावलो.

२२ डिसेंबर
आजच्या दिवसाची वाट पाहत होते. तीन वाजता काठी उभी केली : सावली १.८७ मीटर. ऑक्टोबरात मांडलेली १.८५. टाकीच्या सावलीची कड ऑइलपेंटच्या रेषेवर येऊन थांबली. पश्चिमेच्या शेवटच्या पॅनेलचा खालचा कोपरा तीन वाजून दहा मिनिटांनी झाकला गेला.

मग अ‍ॅपवर स्ट्रिंगचे आकडे पाहत बसले. सावली कोपऱ्यात शिरली तसा पश्चिमेचा करंट आधी थोडा उतरला. ती वर चढत पॅनेलच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही अर्धांवर आली तेव्हा व्होल्टेज १४ ने खाली आलं. पॅनेलमधले सेल तीन गटांत असतात, प्रत्येक गटाला एक बायपास डायोड. एक गट सावलीत गेला की करंट त्याला वळसा घालून डायोडमधून जातो, बाकीच्या साखळीला अडवत नाही. चालू असताना एका पॅनेलचं व्होल्टेज ४१.६, त्याचा तिसरा हिस्सा १४. डायोड डोळ्यांना दिसत नाही, पण तो काम करताना मी आज पाहिला. पहिला चौकोन तसाच ठेवला असता तर हीच सावली दीडच्या सुमारास आली असती.

११ जानेवारी
सकाळी अकराला वीज गेली. ऊन भरपूर, आणि घरात अंधार. आई म्हणाली, "वर एवढी पॅनेल आहेत ना?" आहेत, पण ऑन-ग्रिड इन्व्हर्टर जाळ्यात वीज नसेल तर स्वतः बंद पडतो, पडायलाच हवा. तारेवर काम करणाऱ्या माणसाला ती तार मेलेली वाटत असेल आणि आमच्या गच्चीवरून तिच्यात वीज जात असेल, तर त्याचा जीव जाईल. आईने ऐकून घेतलं आणि दोन तास त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

६ फेब्रुवारी
धुळीचा प्रयोग. पाच आठवडे पाऊस नाही. आज पहाटे, काच थंड असताना, फक्त पूर्वेची चार पॅनेल साध्या पाण्याने आणि मऊ पुसणीने धुतली. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही, साबण नाही, खरखरीत घासणी नाही. पश्चिमेची चार तशीच ठेवली. दुपारी बाराला पूर्व ७ टक्क्यांनी पुढे. काल दोन्ही सारख्या होत्या.

उद्या पश्चिम धुणार. यापुढे कोरड्या महिन्यांत दर पंधरा दिवसांनी. बोअरच्या जड पाण्याचे डाग काचेवर बसतात, म्हणून शेवटचा हात साठवलेल्या मऊ पाण्याचा.

३ एप्रिल
बाबांनी वही पुढे केली. "हे बघ, आभाळ निरभ्र त्या दिवशी आकडा कमी." काल पातळ ढग होते : १९.६ युनिट. आज एकही ढग नाही : १७.४. मागच्या आठवड्यातही तीन वेळा असंच. असं व्हायला नको.

९ एप्रिल
आधी उष्णतेवर संशय घेतला. काचेमागे थर्मामीटर चिकटवला : दुपारी ६५ अंश. आमच्या पॅनेलची ताकद २५ च्या वर दर अंशाला ०.३५ टक्के घटते, म्हणजे ४० अंशांना १४ टक्के. हे खरं, पण ते रोजचंच, आणि ढगाळ-निरभ्र उलटापालट त्याने सुटत नाही. तापलेलं पॅनेलसुद्धा भर उन्हात ढगातल्या पॅनेलपेक्षा जास्तच द्यायला हवं. दोन्ही स्ट्रिंग सारख्याच पडतायत, म्हणजे दोष पॅनेलमध्ये नाही. स्ट्रिंग दोन केल्याचा उपयोग आज झाला.

आलेख मोठा करून पाहिला. साडेअकरा ते दोन करवतीचे दाते : वीज वर चढते, एकदम शून्य, थोडा वेळ काही नाही, पुन्हा हळू चढण. इन्व्हर्टरच्या नोंदीत एकच कारण, अकरा वेळा : ग्रिड ओव्हरव्होल्टेज.

१४ एप्रिल
आज दोघांनी एकाच क्षणी मोजलं. मी वर इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर, बाबा खाली वायरमनबरोबर मुख्य बोर्डावर, फोन चालू ठेवून. उत्पादन ३.६ किलोवॉट.

वर २५२.९. खाली २४५.४.

आमच्या इन्व्हर्टरची मर्यादा २५३, म्हणजे २३० च्या १० टक्के वर. जाळ्याचं व्होल्टेज मर्यादेत होतं. उरलेले ७.५ व्होल्ट आमच्याच वायरमध्ये. वीज ढकलायची तर इन्व्हर्टरला जाळ्यापेक्षा वर चढावं लागतं, आणि वायरचा रोध जितका मोठा तितकं जास्त चढावं लागतं. ७.५ व्होल्ट भागिले १४.४ अँपिअर : ०.५२ ओहम. जाण्यायेण्याची मिळून ७० मीटर तार. म्हणजे दर मीटर लांबीला साडेसात मिलिओहम. हा आकडा २.५ चौरस मिलिमीटर तांब्याचा आहे. ६ चा तीनच्या आसपास असतो.

बोर्डातलं टोक सोडवून पाहिलं. २.५ च निघाली.

ऊन जितकं कडक तितका करंट जास्त, तितकं व्होल्टेज वर, आणि २५३ ला टेकलं की बंद. पातळ ढगाच्या दिवशी करंट बेताचा, म्हणून ते दिवस सरस. हिवाळ्यात जाळ्याचं व्होल्टेज खाली होतं, म्हणून त्रास दिसला नाही. मार्चपासून गल्लीत आणखी तीन घरांवर पॅनेल आली, दुपारी सगळेच एकाच तारेत वीज ढकलतायत.

बसवणाऱ्यांना फोन केला. "ताई, २.५ ची १६ अँपिअरला चालते की." चालते, जळत नाही. पण मी ६ लिहून दिली होती, पैसे ६ चे घेतले होते, आणि विचारल्याशिवाय बदलली. मला याचा राग आहे. २४ नोव्हेंबरला टोक उघडून पाहायचं राहिलं, त्याचीही बोच आहे. दोन मिनिटांचं काम होतं.

२० एप्रिल
वायर बदलून मिळाली, वेगळे पैसे न देता. या वेळी पाइपात शिरण्याआधी आवरणावरचे छापील आकडे स्वतः वाचले. ३.६ किलोवॉटला वर-खाली फरक आता ३.१ व्होल्ट. आज २१.३ युनिट.

५ मे
रविवारी दुपारी पुन्हा दोनदा बंद. या वेळी खालीच २५० होतं, दोष आमच्या वायरचा नव्हता. आठवडाभर दर तासाला बोर्डावरचं व्होल्टेज लिहिलं आणि तो कागद वीज कंपनीला अर्जासोबत दिला. माणसं आली, त्यांनी स्वतः मोजलं आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर येणारं व्होल्टेज ठरवणारी जोडणी) एक पायरी खाली केला. सहा व्होल्ट उतरले. गल्लीतल्या बाकीच्या घरांनाही त्याचा फायदा झाला. पंप आणि कपड्यांचं मशीन आता बाराच्या पुढेच लावतो. घरात वापरलेली वीज तारेत ढकलावी लागत नाही, तेवढं व्होल्टेजही चढत नाही.

१८ जुलै
पाऊस. चार दिवस : ५.८, ४.९, ९.२, ६.१. काचा आपोआप स्वच्छ. ढगांमधून एकदम ऊन आलं की काही क्षण इन्व्हर्टर पूर्ण ४ किलोवॉटवर टेकतो. पॅनेल गार असतं आणि ढगाच्या पांढऱ्या कडेवरून परतलेला प्रकाशही त्यावर पडतो. गळती कुठेही नाही.

पारव्यांनी पॅनेलखाली काड्या आणायला सुरुवात केली आहे. अंडी घालायच्या आत जाळी लावली. कडेला हवा खेळायला जागा ठेवून, नाही तर पॅनेल आणखी तापतील.

९ डिसेंबर
वर्ष झालं. एकूण ६,०३० युनिट, रोजची सरासरी १६.५. त्यातली २,३०० च्या आसपास थेट घरात वापरली, बाकी जाळ्यात. दिवसाचा वापर रोज ५.१ वरून ६.३ वर गेला, तो पंप आणि मशीनमुळे.

सगळे क्लँप टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. पश्चिमेच्या दुसऱ्या पॅनेलचा एक सैल होता, आवळला. कनेक्टर एकेक हात लावून पाहिले, कुठेही गरम नाही. शेजारच्या काकांना पुढच्या महिन्यात पॅनेल बसवायची आहेत, त्यांना काठी आणि दोरी नेऊन दिली. २२ तारखेला त्यांच्या गच्चीवर तीन वाजता भेटायचं ठरलंय.

संध्याकाळचा आकडा बाबांनी लिहिला : १७.९.